उडी मारण्याआधी अंग कमवा

गेल्या पंधरवड्यात चिंचपाड्याचा बारा वर्षांचा एक मुलगा उजवे मनगट सुजवून माझ्याकडे आला. सिनेमात पाहिलेली कुंग फूची उडी त्याने ओट्यावरून मारली होती. घरच्यांनी दोन दिवस तेल लावून मनगट चोळले. एक्स-रे काढला तेव्हा हाड मोडलेले निघाले. त्याने विचारले, "डॉक्टर, सिनेमातल्या माणसाला कसं काही होत नाही?"

वाचकहो, प्रश्न अगदी रास्त आहे. 'कुंग फू' या चिनी शब्दाचा मूळ अर्थ मारामारी असा नाही. वेळ आणि कष्ट घालून कमावलेले कसब, असा आहे. पाहणाऱ्याला उडी दिसते, तिच्यामागची वर्षे दिसत नाहीत.

आपला मल्लखांबही हेच सांगतो. मल्लाने सराव करायचा खांब तो मल्लखांब. मल्लस्तंभाचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात सापडतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे रूप दिले. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले.

खांबाला मिठी मारताना बोटे, दंड, पोट, मांड्या, पाठ असे सारे अंग एकदम कामाला लागते. पकड घट्ट होते, तोल कळतो. पण स्नायू लवकर वाढतात. हाडे व सांधे बांधणारे बंध सावकाश बळकट होतात. त्यातच वाढत्या मुलांच्या हाडांची टोके कोवळी असतात. म्हणून घाई नको.

माझा सल्ला असा. आधी काही आठवडे सूर्यनमस्कार, दंड, बैठका यांनी अंग तयार करावे. उडी मऊ मातीवर किंवा गादीवर, जाणत्या वस्तादाच्या देखरेखीखालीच शिकावी. भरल्या पोटी व्यायाम करू नये. पडल्यावर सांधा सुजला, वाकडा दिसला किंवा हात हलवता येईना, तर चोळू नये, ओढू नये. लाकडी पट्टी आणि कापडाने हात स्थिर बांधून, गळ्यात झोळी करून लगेच दवाखाना गाठावा.

त्या मुलाचे प्लास्टर सुटल्यावर, हाड नीट जुळल्याची खात्री करून, मी त्याला बैठकांपासून सुरुवात करायला सांगणार आहे. उडीची वेळ त्यानंतर येईल.