घाटातील चढ-उतार आणि ओझ्याची वाहने

कोकण आणि देश यांना जोडणारा प्रत्येक मार्ग सह्याद्रीच्या घाटातून जातो. त्यामुळे महाराष्ट्राच्या दळणवळणाचा इतिहास हा बव्हंशी घाटांचाच इतिहास आहे. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, तर त्याच घाटातून १८६३ साली आगगाडी धावू लागली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. रस्ते रुंद झाले, वाहनांची शक्ती वाढली. परंतु ओझे घेऊन डोंगर चढण्या-उतरण्याचे निसर्गनियम मात्र तेच राहिले आहेत. ऊस, चारा, मुरूम किंवा पाणी यांनी भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर घाटरस्त्यावर येतो, तेव्हा हे नियम ठाऊक असणे हा जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

चढावर काय घडते?

एक साधे उदाहरण घेऊ. दोन टन वजनाचा ट्रॅक्टर आणि त्यामागे मालासह आठ टनांची ट्रॉली, असे एकूण दहा टन वजन आहे. सपाट डांबरी रस्त्यावर हे वजन चालते ठेवण्यासाठी सुमारे १५० किलो ओढ पुरते. हाच रस्ता २० मीटर अंतरात एक मीटर चढू लागला, की वजनाचा विसावा भाग, म्हणजे आणखी ५०० किलो, मागे खेचू लागतो. आता ६५० किलो ओढ लागते. डोळ्यांना सौम्य वाटणाऱ्या या चढाने ओढ चौपटीहून अधिक वाढविली.

हे वजन ताशी २० किलोमीटर वेगाने चढवावयाचे तर चाकांपाशी सुमारे ४८ अश्वशक्ती हवी. पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला ते साधणार नाही. त्याला वेग कमी करून खालच्या गिअरमध्येच चढावे लागेल. खालचा गिअर इंजिनाची शक्ती वाढवीत नाही. तो वेग कमी करून तिचे अधिक ओढीत रूपांतर करतो. म्हणून चढ लागण्यापूर्वीच गिअर खाली आणावा. इंजिन धापा टाकू लागल्यावर भर चढावर गिअर बदलताना वाहन क्षणभर इंजिनापासून सुटते आणि मागे घसरण्याची भीती निर्माण होते.

जसजसे उंच जावे तशी हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती घटते. ही घट दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के असते. सह्याद्रीत ती थोडी जाणवते, हिमालयात फार. पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनात सीएनजी वापरल्यास त्या वायूने सिलिंडरमधील हवेची काही जागा व्यापल्यामुळेही शक्ती काहीशी कमी मिळते. अशा छोट्या मालगाड्या घाटात नेताना भार ठरविताना याचा विचार करावयास हवा.

भाराच्या मांडणीचेही महत्त्व आहे. बैलगाडीत मागे जास्त ओझे पडले की गाडी उलाळ होते, हे प्रत्येक गाडीवानास ठाऊक असते. ट्रॉलीचेही तसेच आहे. भार मागे गेला तर जोडणीवरील दाब कमी होऊन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. उलट, जोडणी फार उंचावर असेल तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि सुकाणू निरुपयोगी होते. जोडणी खाली, योग्य जागी आणि मजबूत खिळीने केलेली असावी. अर्धवट भरलेला पाण्याचा टँकर तर अधिकच धोक्याचा, कारण आतील पाणी वळणावर व ब्रेक लावताना उसळून वाहनाचा तोल बिघडविते.

खरी कसोटी उतारावर

चढावर वाहन थकले तर ते थांबते. उतारावर चूक झाली तर ते थांबत नाही. म्हणून घाटाची खरी कसोटी उतरताना लागते.

आपल्या उदाहरणातील दहा टन वजन त्याच उतारावर ५०० किलोच्या जोराने खाली ओढले जाते. त्यातील १५० किलो रस्त्याच्या अवरोधात खर्ची पडतात. उरलेला ३५० किलोचा जोर इंजिनाने आणि ब्रेकने सतत रोखून धरावयाचा असतो. दहा किलोमीटर लांबीच्या, ५०० मीटर उतरणाऱ्या घाटात हे सारे काम एकट्या ब्रेकवर टाकले, तर त्यांत सुमारे शंभर लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता निर्माण होईल. एवढी उष्णता हवेत जाण्यास वेळ मिळाला नाही, की ब्रेक तापतात, लायनरची पकड कमी होते, ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो आणि ब्रेकमधील तेल उकळून त्याची वाफ होते. चालक पेडल दाबतो, परंतु वाहन दाद देत नाही. ‘ब्रेक निकामी झाल्याने अपघात’ असे आपण ज्याला म्हणतो, त्यात अनेकदा ब्रेक मुळात चांगले असतात. त्यांच्यावर शक्तीबाहेरचे काम टाकलेले असते.

यावर उपाय इंजिनच आहे. खालच्या गिअरमध्ये असलेले वाहन इंजिनाला फिरवीत उतरते आणि इंजिन त्याला आवरून धरते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा दंडक शास्त्रशुद्ध आहे. मात्र गिअर घाटमाथ्यावरच, उतार सुरू होण्यापूर्वी निवडावा. ब्रेक सतत दाबून न ठेवता, वेग वाढताच तो पुरेसा कमी करावा व पेडल सोडावे, म्हणजे ब्रेकना निवण्यास अवधी मिळतो.

इंधन वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून घाट उतरण्याची सवय आत्मघातकी आहे. असे केल्याने इंजिनाचा आवर जातो. इंजिन बंद असेल तर अनेक वाहनांत ब्रेकला व सुकाणूला मिळणारे साहाय्यही थांबते. शिवाय आजच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. म्हणजे बचतीची सबबही आता उरलेली नाही.

ट्रॉलीचा विशेष धोका

शेतीकामाच्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. अशा वेळी आठ टनांचे ओझे दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर विसंबून राहते. उतारावर ट्रॉली मागून ढकलते आणि वळणावर ट्रॅक्टरला आडवे करते. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडल्या असल्यास हा धोका कितीतरी वाढतो. शेतात वळण्याच्या सोयीसाठी ट्रॅक्टरला डावे व उजवे ब्रेक स्वतंत्र असतात. रस्त्यावर येताना ही दोन पेडले एकमेकांना जोडून घ्यावयास हवीत. अन्यथा एकाच बाजूचे चाक थांबून ट्रॅक्टर उलटतो.

या बाबतीत रेल्वेचे उदाहरण बोलके आहे. बोरघाटात लोहमार्गाचा चढ ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे आपल्या उदाहरणातील रस्त्याहून पुष्कळ सौम्य आहे. तरीही कर्जतहून चढताना अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडली जातात आणि उतरणारी गाडी आटोक्याबाहेर गेल्यास तिला चढाकडे वळवून थांबविण्यासाठी स्वतंत्र फाटे काढलेले आहेत. चढापेक्षा उताराची व्यवस्था अधिक काटेकोर असावी, हा धडा रेल्वेने आरंभीच्या काळातच घेतला.

आपण काय करू शकतो?

भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांनुसार डोंगराळ प्रदेशात सर्वसाधारण चढ २० मीटरला एक मीटर, तर अपवादात्मक जागी सुमारे १४ मीटरला एक मीटर असावा. वाडीवस्तीचा रस्ता आखताना अंतर वाचविण्यासाठी तो सरळ डोंगरावर चढविण्याचा आग्रह पुढे फार महागात पडतो, हे पंचायत सदस्यांनी ध्यानात घ्यावे. तीव्र उताराच्या आरंभी खालच्या गिअरची सूचना देणारा फलक आणि अरुंद रस्त्यावर वाहने बाजूस घेण्यासाठी जागा, ही कामे अल्प खर्चाची आहेत. अशा रस्त्यावर चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी.

मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी वीस हजार रुपये व प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये दंड आहे. परंतु दंड अपघातानंतरही होऊ शकतो. तपासणी मात्र आधीच व्हावयास हवी. ऊसतोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ट्रॉलीचे ब्रेक, जोडणी, मागील दिवे व परावर्तक यांची पाहणी गावपातळीवर करता येईल. लग्न किंवा यात्रेसाठी माणसांनी भरलेली ट्रॉली घाटात जाऊ न देणे हे तर प्रत्येकाचे कर्तव्य आहे. शिक्षकांनी वर दिलेले दहा टनांचे गणित फळ्यावर मांडावे. ज्या घरी ट्रॅक्टर आहे, त्या घरातील मुलाने ते एकदा सोडविले, तर घाटमाथ्यावर गिअर बदलण्याची आठवण घरातल्या चालकास करून देणारे कोणीतरी असेल.