पाताळगंगेवरची चकाकी आणि तिसऱ्या फिल्टरची कमाल

आपट्याला पाताळगंगेच्या काठी फोटो काढायला जाताय? पोलरायझिंग फिल्टर नक्की न्या! 📷

पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची कंपनं बरीचशी आडवी असतात. लंबाशी सुमारे ५३ अंशांवर तर जवळपास सगळीच. फिल्टर त्याच्या अक्षाच्या दिशेचीच कंपनं सोडतो. तो फिरवून अक्ष उभा केला की चकाकी जाते आणि उथळ, नितळ पाण्यातले दगड दिसू लागतात.

किती प्रकाश पार होईल, हे मालसचा नियम सांगतो: ध्रुवित प्रकाशाची तीव्रता × कोज्या²θ (θ म्हणजे कंपनांची दिशा आणि फिल्टरचा अक्ष यांच्यातला कोन). ० अंशाला पूर्ण, ४५ला निम्मी, ९०ला शून्य.

आता खरी गंमत. दोन फिल्टर काटकोनात धरले की अंधार. त्यांच्या मधोमध तिसरा ४५ अंशांत सरकवा, पुन्हा उजेड! कारण फिल्टर प्रकाश नुसता अडवत नाही. बाहेर पडणारी कंपनं त्याच्या अक्षाच्या दिशेची होतात. आदर्श फिल्टर असतील तर साधा प्रकाश पहिल्यातून निम्मा, मधल्यातून पाव आणि शेवटच्यातून एक-अष्टमांश उरतो.

घरी तीन फिल्टर असतील तर आजच करून बघा, मुलांनाही दाखवा!

#प्रकाश #विज्ञान #आपटा