व्हेनिस, आई-वडील आणि चारशे पूल

व्हेनिस महापालिकेने दिवसाच्या पर्यटकांवर, म्हणजे शहरात मुक्काम न करता सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांवर, बसवलेल्या प्रवेशशुल्काचा हा तिसरा हंगाम असून, 2024 मध्ये 29 आणि 2025 मध्ये 54 दिवस चाललेली ही आकारणी यंदा 3 एप्रिल ते 26 जुलै या काळातील निवडक 60 दिवसांवर पोहोचली आहे. शुल्क आगाऊ भरल्यास 5 युरो आणि ऐनवेळी भरल्यास 10 युरो, या दरांची चर्चा सर्वत्र झाली. या शुल्कामुळे गर्दी कमी होते की नुसती मोजली जाते, हा वादही जुना झाला. मात्र सवलतींच्या यादीत 14 वर्षांखालील मुले आहेत, अपंग व्यक्ती व त्यांचा सोबती आहे, शहरात शिकणारे विद्यार्थी व तिथले नोकरदार आहेत. ज्याला अपंगत्वाचा दाखला नाही पण चार पायऱ्या चढल्यावर दम लागतो, अशा सत्तरीतल्या माणसाचा विचार तिथे नाही, आणि महाराष्ट्रातून व्हेनिसला जाणाऱ्यांत नेमका हाच माणूस मोठ्या संख्येने असतो.

याचे कारण उघड आहे. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये नोकरीला असलेली मुले आई-वडिलांना बोलावून घेतात. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील बहुतांश देशांत चालणाऱ्या सामाईक परवान्यावर, 180 दिवसांत 90 दिवस राहता येत असल्याने त्या मुक्कामातच इटली उरकण्याचा बेत आखला जातो. व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो, पण गुडघ्यांचा विचार कोणत्याच अर्जात होत नाही. ज्यांची मुले परदेशात नाहीत ते प्रवासी कंपनीच्या सहलीतून जातात आणि हॉटेलांचे दर पाहता त्यांचा मुक्काम बहुधा मूळ बेटांवर न होता मुख्य भूमीवर होतो. इथे एक तांत्रिक खोच आहे. मेस्त्रे हे उपनगर व्हेनिस महापालिकेच्याच हद्दीत असल्याने तिथे राहणाऱ्याला प्रवेशशुल्क माफ असते, कारण तो हॉटेलात मुक्कामाचा कर भरतो. तरीही माफीचा संकेतांक आधी काढून ठेवावा लागतो. पादुआत मुक्काम करणाऱ्या पर्यटकाला मात्र, ते शहर आगगाडीने अर्ध्या तासावर असले तरी, शुल्क भरावे लागते.

हे सारे शुल्क डोक्यांवर मोजले जाते, तर वयस्क प्रवाशाच्या दृष्टीने व्हेनिसचे खरे माप पायऱ्या हे आहे. शंभरावर लहान बेटांवर वसलेल्या या शहरात चारशेहून अधिक पूल असून, खालून नावा जाव्यात म्हणून ते मधोमध उंच केलेले असतात, आणि दोन्ही काठांवर घरे थेट पाण्याला भिडलेली असल्याने लांब उतार काढायला जागा उरत नाही, म्हणून पायऱ्या. मध्ययुगात यांतले बरेच पूल लाकडी व सखल होते आणि त्यांवरून घोडेही जात असत. दगडी कमानींनी शहराला देखणेपण दिले आणि चाकांना कायमचे हद्दपार केले. नकाशावर पाचशे मीटर दिसणाऱ्या अंतरात सहा पूल येऊ शकतात, हे फोनवरचा नकाशा ठळकपणे सांगत नाही.

जुन्या पुलांना निदान काळाची सबब आहे. बसस्थानकाचा चौक पियाझ्झाले रोमा आणि रेल्वे स्थानकाची बाजू जोडणारा, सांतियागो कालात्रावा यांनी रचलेला पूल 2008 मध्ये खुला झाला, आणि एकविसाव्या शतकातल्या त्या पुलालाही पायऱ्याच आहेत. त्यांतल्या अनेक काचेच्या, ओल्या झाल्या की निसरड्या होणाऱ्या. चाकाच्या खुर्चीतील लोकांसाठी पुलाच्या कडेने सरकणारी अंड्याच्या आकाराची एक बंद कुपी 2013 मध्ये सुमारे 20 लाख युरो खर्चून बसवण्यात आली. ती मंद होती, उन्हाळ्यात तापत असे, वारंवार बंद पडत असे, आणि 2020 मध्ये काढून टाकण्यात आली. इटलीच्या लेखापरीक्षण न्यायालयाने 2019 मध्ये कालात्रावा यांना 78,000 युरोंचा दंड केला, आणि 2022 मध्ये काच काढून तिथे ट्रॅकाइट हा खरखरीत ज्वालामुखीजन्य दगड बसवण्याचे ठरले. दिसण्यासाठी बांधलेला पूल चालण्यासाठीही असतो, हे शहराला इतक्या खर्चानंतर उमगावे, यात विनोद आहे. पाय घसरलेल्यांना तो जाणवला नसेल, एवढेच.

आई-वडिलांसह व्हेनिस पाहण्याचा सर्वांत तपशीलवार इतिहास ज्याच्यामुळे उपलब्ध आहे, तो माणूस म्हणजे इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन, ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या 1851 ते 1853 दरम्यान तीन खंडांत निघालेल्या ग्रंथाचा कर्ता. शेरी या मद्याचा व्यापार करणारे वडील जॉन जेम्स आणि करारी आई मार्गारेट यांच्यासह तो 1835 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, इथे प्रथम आला. 1841 मध्ये, प्रकृती ढासळल्यावर, पुन्हा त्यांच्याचबरोबर आला. (मुलगा ऑक्सफर्डला शिकत असताना आईने त्याच गावात बिऱ्हाड केले होते, यावरून त्या घरातील पाखराची कल्पना यावी.) 1845 मध्ये, सव्वीस वर्षांचा झाल्यावर, तो प्रथमच आई-वडिलांवाचून इटलीत फिरला आणि तरीही जवळजवळ रोज वडिलांना पत्र लिहीत राहिला. सान रोक्को या धर्मबंधुसंघाच्या वास्तूतील चित्रकार तिंतोरेत्तोची चित्रे पाहून आलेली भारावलेली अवस्था, डागेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणाऱ्या आद्य छायाचित्रांची खरेदी, जुन्या इमारतींच्या डागडुजीवरचा संताप, हे सारे त्या पत्रांत आहे.

खरी गंमत पुढच्या वर्षीची आहे. आपल्याला गवसलेले व्हेनिस आई-वडिलांना दाखवावे म्हणून त्याने 1846 मध्ये त्यांना पुन्हा तिथे नेले, तेव्हा वडिलांना मुलाचे वागणे कोड्यात टाकणारे वाटले: पूर्वी तो पाहण्याजोगी, पूर्ण चित्रे काढी, आता नुसते तुकडे टिपत बसतो, अशी तक्रार त्यांनी एका स्नेह्याला लिहून कळवली. आज भूमिका उलटल्या आहेत. आता तुकड्यांत पाहायचे असते ते आई-वडिलांना, एका कठड्याशी अर्धा तास टेकून, आणि सगळे ‘पूर्ण’ करण्याची घाई असते ती यादी हातात घेतलेल्या मुलांना: सान मार्कोचा चौक, रिआल्तोचा पूल, मुरानोची काच, गोंडोला, आणि चार वाजता बस. रस्किनच्या ग्रंथाचे मोठेपण तुकड्यांशी थांबण्यातून आले, हे पाहता या वादात सरशी ज्येष्ठांची मानायला हरकत नाही.

त्यांच्या चालीने पाहायचे तर मार्ग पाण्यातून जातो. सार्वजनिक बोटीत, जिला वापोरेत्तो म्हणतात, तरंगत्या धक्क्यावरून जवळजवळ सपाट पाऊल टाकून चढता येते. पहिल्या क्रमांकाची बोट पियाझ्झाले रोमापासून ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्याच्या दोन्ही काठांवरील थांबे घेत पाऊण तासाच्या आसपास सान मार्कोला पोहोचवते, आणि एकाही पुलावर न चढता राजवाड्यांची सारी रांग समोरून सरकते. 75 मिनिटांचे साडेनऊ युरोंचे तिकीट महाग वाटले, तरी गोंडोलाच्या भाड्यापुढे ते काहीच नाही. सान मार्कोच्या मनोऱ्याला, जो 1902 मध्ये कोसळून 1912 मध्ये जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला, उद्वाहन म्हणजे लिफ्ट आहे, त्यामुळे 98 मीटर उंचीच्या या वास्तूवरून शहर पाहणे पुलावर चढण्यापेक्षा सोपे ठरते. अडचण बसण्याची आहे. सान मार्कोच्या चौकात जमिनीवर किंवा पायऱ्यांवर बसल्यास दंड होतो, आणि 1720 पासून चालू असलेल्या कॅफे फ्लोरियानच्या खुर्चीत बसल्यास बिलात वाद्यवृंदाचा आकारही लागतो. सकाळी साडेआठ ते दुपारी चार हीच शुल्काची वेळ असल्याने चारनंतर येणाऱ्याला काही भरावे लागत नाही. उन्हाळ्यातल्या लांबलेल्या संध्याकाळी तीच वेळ वयस्कांना सोसणारीही असते. सहलीच्या वेळापत्रकात मात्र त्या सुमारास परतीची बस उभी असते.

पुलांवर उतार बसवता येत नाहीत, असेही नाही. दर ऑक्टोबरात होणाऱ्या व्हेनिस मॅरेथॉनच्या मार्गावरील पुलांवर लाकडी उतरणी टाकल्या जातात आणि त्यांतल्या काही शर्यतीनंतरही बरेच महिने ठेवल्या जातात, म्हणजे शहरातली ही सोय आधी सर्वांत धडधाकट गुडघ्यांसाठी येते आणि मग इतरांच्या वाट्याला. प्रवेशशुल्कातून पहिल्याच वर्षी सुमारे 24 लाख युरो जमा झाले. सान मार्कोकडे जाणाऱ्या वाटांवरील पुलांना कायमच्या उतरणी देण्याचे काम त्या पैशातून सुरू झाले, तर दहा युरो मागण्यामागचे कारण वडीलधाऱ्यांना समजावून सांगणे मुलांना तरी सोपे जाईल.