‘अर्धसत्य’: फौजदार वेलणकरचा राग

गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ (१९८३) हा मुंबई पोलिसांतील सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकरच्या मानसिक कोंडीवरचा चित्रपट. भाषा हिंदी असली तरी त्याची मुळे मराठीत आहेत. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. संवाद वसंत देव यांचे. चित्रपटात दिलीप चित्रे यांची कविता येते आणि शीर्षकही तिच्यातलेच आहे.

अनंतला पुढे शिकायचे होते. पोलीस खात्यातच नोकरी केलेल्या वडिलांनी त्याला जबरदस्तीने खाकी वर्दी घालायला लावली. लहानपणी त्याने आईला वडिलांचा मार खाताना पाहिले आणि त्याला काहीच करता आले नाही. ही असहायता नोकरीतही त्याची पाठ सोडत नाही. मरणासन्न माणसाच्या जबाबावरून तो रामा शेट्टी या गुंडाला अटक करायला जातो. शेट्टी शांतपणे फोन लावतो आणि वरिष्ठांचा हुकूम ऐकून अनंतला हात हलवत परतावे लागते. पुढे जिवावर उदार होऊन डाकूला पकडल्याचे श्रेयही दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळते.

‘जंजीर’मधल्या (१९७३) इन्स्पेक्टर विजयचा राग खलनायकावर कोसळतो आणि प्रेक्षक सुखावतो. वेलणकरचा राग मात्र शेट्टीपर्यंत पोहोचत नाही. तो दारूत मुरतो आणि निघतो एका भुरट्या चोरावर. कोठडीतल्या मारहाणीत तो चोर मरतो. वडिलांच्या ज्या हाताचा अनंतला आयुष्यभर तिटकारा होता, तोच हात आता त्याचा झालेला असतो. त्याची प्रेयसी ज्योत्स्ना गोखले (स्मिता पाटील) त्याच्यापासून दुरावते, ती याच हिंसेमुळे. निलंबित होऊन दारूच्या आहारी गेलेला पोलीस अधिकारी माइक लोबो (नसीरुद्दीन शाह) अनंतला त्याचे संभाव्य भविष्य दाखवतो. चोराच्या मृत्यूच्या चौकशीतून सुटण्यासाठी अनंत अखेर शेट्टीच्याच दारी जातो. शेट्टी मदतीची किंमत म्हणून त्याची निष्ठा मागतो. अनंत त्याचा गळा आवळतो आणि पोलिसांच्या स्वाधीन होतो.

ओम पुरी यांना अनंतच्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कार्लोव्ही व्हॅरी महोत्सवातही त्यांचा गौरव झाला. मराठी रंगभूमीवरून आलेल्या सदाशिव अमरापूरकरांना रामा शेट्टीने हिंदी पडद्यावर ओळख दिली. आरडाओरड न करणाऱ्या त्यांच्या या खलनायकाला सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.