बोरचा पळस इतका भडक का दिसतो?

सेलू तालुक्यातल्या बोर धरणाच्या परिसरात फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानगळ होते आणि पळस पेटतो. 2014 साली व्याघ्र प्रकल्प झालेलं हे जंगल तेव्हा करडं-तपकिरी असतं. त्यात केशरी फुलं. मोबाइलमध्ये मात्र अनेकदा नुसता केशरी डाग उमटतो.

कारण साधं आहे. आठ बिटच्या फोटोत लाल रंगाची कमाल पातळी 255. पळसाचा लाल आधीच तिच्या जवळ असतो. सॅच्युरेशन वाढवलं की तो तिथेच अडकतो, पाकळ्यांच्या छटा सपाट होतात. त्यापेक्षा व्हायब्रन्स बरा: तो फिक्या रंगांना जास्त उचलतो, गडद रंगांना कमी. रॉ फाइल असेल तर एक्स्पोजर थोडं उतरवूनही बराच तपशील परत मिळतो.

शार्पनिंगची गंमत वेगळी. ते हरवलेला तपशील आणत नाही, फक्त कडेचा उजेड-अंधार ठळक करतं. हात सैल सुटला की निष्पर्ण सागाच्या फांद्यांभोवती पांढरी किनार उमटते, आभाळात दाणे दिसू लागतात. लाइटरूममध्ये ऑल्ट दाबून मास्किंगचा स्लायडर सरकवावा. काळा दिसणारा भाग शार्पनिंगमधून सुटतो. आभाळ आणि धरणाचं संथ पाणी काळंच राहू द्यावं.