लाल मणी सरकला, की न्यूमोनिया

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावात बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, की जन्मापासून तिसऱ्या दिवशी आशाताईची भेट ठरलेली असते. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, नाळ, दूध ओढतंय का, श्वास कसा चाललाय, सगळं ती बघते. २०११पासून देशभर चालणाऱ्या या कामाचं मूळ विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत आहे. तिथलं संशोधन कितीदाही वाचलं तरी मी थक्क होतो.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी करून तिथेच राहिले. त्या भागात न्यूमोनियाने लेकरं जात होती. न्यूमोनियात फुप्फुसं ताठर होतात, खोल श्वास घेता येत नाही, म्हणून बाळ भरभर श्वास घेऊ लागतं. म्हणजे एक्स-रे नसला तरी श्वास मोजून दुखणं हेरता येतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले, की धोका. वर्षाच्या आतल्या मोठ्या बाळाला ५०.

पण मोजायचं कोणी? डॉक्टर दूर. घराजवळ होत्या त्या सुइणी, आणि त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, साठपर्यंतचे आकडे येत नव्हते.

त्यासाठी जे साधन तयार झालं ते असं: एका चौकटीत मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. वरची ओळ अगदी तान्ह्यांची, खालची मोठ्यांची. बाळाच्या पोटाकडे बघत राहायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीच्या शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दहा म्हणजे दोन्ही हातांची बोटं. तेवढं मोजायला शाळा लागत नाही. साठाचा आकडा सुइणीला पाठ करायला लावण्याऐवजी तो मण्यांत बसवून टाकला! मला तरी हे मोठं विज्ञान वाटतं. लाल मणी सरकला, की गावातच औषध सुरू. बालमृत्यू त्यामुळे घटले, हे १९९० साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

नवजात बाळाचा जंतुदोष याहून अवघड. असं बाळ धड रडत नाही, दूध सोडतं, अंगाने सैल पडतं. बंगांनी गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायांना ही लक्षणं ओळखायला शिकवलं आणि गरज पडली तर घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायलाही. तान्ह्या बाळाला सुई, तीही डॉक्टर नसलेल्या बाईच्या हातून! भीती वाटणं साहजिकच. पण जंतुदोष झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं.

हा प्रयोग ३९ गावांत झाला. तिथे हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५.५वर आले. हा फरक या कामामुळेच पडला, काळ सुधारला म्हणून नव्हे, हे सिद्ध करायला, हे काम नसलेल्या शेजारच्या ४७ गावांतलाही प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला जात होता. नाव ठेवण्याआधीच गेलेली बाळं सरकारी वहीत सहसा चढत नाहीत. ती शोधायला घरोघरी जावं लागतं, नुकतं मूल गमावलेल्या आईशी बोलावं लागतं. या ४७ गावांत आकडा साठाच्या आसपासच राहिला, आणि त्या नोंदींमुळेच डिसेंबर १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या निबंधावर जगाला विश्वास ठेवावा लागला.