संत्र्यात खोचलेली मेणबत्ती

शाळेतल्या नाताळच्या कार्यक्रमात मूल बहुधा बघण्याचा विषय असतं. कुणी मेंढपाळ, कुणी देवदूत, उरलेले कॅरोल गाणाऱ्यांच्या रांगेत, आणि समोर मोबाइल उंचावलेले आईबाप. इंग्लंडमधल्या शाळा आणि पॅरिश (म्हणजे स्थानिक चर्चच्या मंडळ्या) मात्र याच दिवसांत ‘ख्रिस्टिंगल’ नावाची एक उपासनाही करतात. तिच्यात प्रत्येक मुलाच्या हाती एक संत्रं येतं: कमरेला लाल फीत, डोक्यावर मेणबत्ती, मेण ओघळू नये म्हणून तिच्या बुडाशी चंदेरी कागद, आणि बेदाणे किंवा गोळ्या ओवलेल्या चार काड्या. संत्रं म्हणजे जग, फीत म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, काड्या म्हणजे चार ऋतू, त्यांवरचा खाऊ म्हणजे जमिनीचं देणं आणि ज्योत म्हणजे खुद्द ख्रिस्त, असं मुलांना सांगतात. मग दिवे मालवतात आणि त्या ज्योतींच्या उजेडात कॅरोल गातात. मला वाटतं, ही उपासना टिकली ती या अर्थांमुळे कमी आणि मुलाच्या हातात पेटती गोष्ट विश्वासाने दिल्यामुळे जास्त.

इतिहासही तेच सांगतो. २० डिसेंबर १७४७ रोजी जर्मनीतल्या मारियनबोर्नमध्ये मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाचे योहानेस फॉन वाटेव्हिल यांनी मुलांसाठी उपासना घेतली आणि शेवटी प्रत्येकाला लाल फीत बांधलेली एक छोटी पेटती मेणबत्ती दिली. संत्रं तेव्हा नव्हतं, काड्याही नव्हत्या. ते सगळं पुढे जोडलं गेलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमचे मोरावियन आजही संत्र्याशिवाय, लाल कागदाची झालर लावलेली नुसती मेणबत्ती वाटतात. तिथे एक मूल एकट्याने ओळ गातं आणि अख्खी मंडळी तिला उत्तर देते. १८३६ मधली फ्रान्सिस हेगन यांची चाल त्यासाठी ठरलेली आहे. म्हणजे प्रतीकं आली, गेली, बदलली. ज्योत आणि मूल यांची जोडी तेवढी कायम राहिली.

यावर एक आक्षेप ठरलेला: इंग्लंडमधलं ख्रिस्टिंगल ही निधी गोळा करण्याची युक्ती आहे, तिला परंपरा कसली म्हणता? आक्षेपातला तपशील खरा आहे. अँग्लिकन चर्चमध्ये ही उपासना रुजवली ती १९६८ मध्ये लिंकन कॅथीड्रलमध्ये जॉन पेन्सम यांनी, आणि तीही निराधार मुलांसाठी काम करणाऱ्या ‘चिल्ड्रन्स सोसायटी’च्या मदतीसाठी. पण वाटेव्हिल यांनी तरी दुसरं काय केलं होतं? त्यांनीही ठरवून, एका संध्याकाळी, एक नवी गोष्ट सुरू केली. सगळ्याच परंपरांना पहिला दिवस असतो. इथे तो नोंदलेला सापडतो, एवढंच. शिवाय एका मुलाच्या हातातल्या दिव्याबरोबर दुसऱ्या मुलासाठी पैसे गोळा व्हावेत, यात विसंगत ते काय?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. अंधारात, दाटीवाटीत, शंभर मुलांच्या हाती आग. पुढच्याचे केस आणि मागच्याची ज्योत यांत वीतभर अंतर. २००६ मध्ये चेम्सफर्ड कॅथीड्रलने याच धास्तीने मेणबत्तीऐवजी चमकणाऱ्या प्लास्टिकच्या कांड्या दिल्या. काळजी रास्त आहे. केस पेटल्यावर प्रतीकांची चर्चा कोणी करणार नाही. तरी त्या कांडीला फुंकर लागत नाही, ती विझत नाही, तिच्यासाठी पावलं जपून टाकावी लागत नाहीत. निरांजन हातात घेऊन देवघरापर्यंत गेलेल्या कोणत्याही मराठी मुलाला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. तेव्हा रांगा विरळ करा, लांब केस बांधा, वाळूची बादली ठेवा, मोठ्यांना मध्ये उभं करा. उजेड मात्र खराच असू द्या.

राहता राहिली तक्रार, की मुलांचं सगळं लक्ष गोळ्यांवर असतं. असतंच. प्रवचन संपण्याआधी एखाददुसरी काडी रिकामी झालेली दिसते, आणि तरीही दुसऱ्या हातातलं संत्रं सरळ धरलेलं असतं.